गलबत ओढायचं बटण

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात रत्नागिरी जिल्ह्यात जाणारा माणूस साधारण दोन कारणांनी जातो. उरलासुरला आंबा खायला, नाहीतर कुणाच्या तरी लग्नाला. मी आणि शैलेश गेलो ते भांडण मिटवायला. भांडण आमचं दोघांचंच होतं आणि ते चार वर्षं पुण्यात यथास्थित चाललं होतं. तिथेच मिटलं असतं तर डिझेल वाचलं असतं, पण पुण्यात भांडणं मिटत नाहीत, मुरतात.

आम्ही कॉम्प्युटरवर खेळायचे खेळ बनवतो. आमची कंपनी म्हणजे तीन माणसं आणि चार खुर्च्या. मृण्मयी चित्रं काढते, शैलेश लढाया रचतो आणि शेती-व्यापाराचं खातं माझ्याकडे. सध्याचा खेळ जुन्या कोकणकिनाऱ्यावरचा आहे. खेळणाऱ्याच्या ताब्यात एक बंदर आणि भोवतालची गावं असतात. भात पिकवायचा, नारळ, सुपारी, मीठ गलबतात भरून लांब पाठवायचं, नवी गलबतं बांधायची आणि शेजारच्या बंदराशी लढायचं. ऐकायला सोपं वाटतं. मलाही चार वर्षांपूर्वी तसंच वाटलं होतं.

पहिल्यांदा आम्ही तो लोकांना खेळायला दिला तेव्हा सगळ्यांनी भाताची खाचरं ओसाड टाकली, होती नव्हती ती झाडं तोडून गलबतं बांधली आणि दहा मिनिटांत शेजाऱ्याला बुडवून विचारलं, "संपलं?" मी चिडून लढाई इतकी महाग केली की दुसऱ्या वेळी कुणी लढेचना. लोक नुसते मीठ विकत बसले. एका भल्या माणसाने सांगितलं की तो दिवसभर कचेरीत हेच करतो, संध्याकाळी पुन्हा करायची त्याची इच्छा नाही. तेव्हापासून आमची तागडी कधी शैलेशच्या बाजूला, कधी माझ्या बाजूला, सरळ म्हणून राहिली नाही.

आता प्रकाशकांनी सोमवारपर्यंतची मुदत दिली होती. खेळात काय राहणार आणि काय जाणार ते एकदाचं कळवा, म्हणाले. शैलेशचं उत्तर तयार होतं. "अनू, तुझी शेती काढून टाकू. लढाई एकटी उभी राहते. शेती राहत नाही." तो मूळचा कोल्हापूरचा. त्याला मनात एक आणि ओठांवर दुसरं हे जमत नाही, म्हणून तर आमची मैत्री टिकली. पण त्या शेतीत माझी चार वर्षं गेली होती. मला रडू आलं आणि रडू आलं की मी जास्तच जोरात बोलते. मी म्हटलं, "ज्यांचा किनारा आहे त्यांना खेळायला देऊ. आठवडाभर. तिथल्या एकालाही शेती-व्यापार हवासा वाटला नाही तर तू काढून टाक, मी तोंडातून शब्द काढणार नाही."

"तू? शब्द काढणार नाहीस?" शैलेश म्हणाला. "ह्यासाठी तर मी अंटार्क्टिकालाही येईन." मग जरा विचार करून त्याने विचारलं, "मासे मिळतील ना पण?"

मंडणगड

मंडणगड म्हणजे जिल्ह्याचं उत्तरेकडचं टोक. समुद्राच्या आशेने निघालेल्या माणसाला इथे नुसते डोंगर दिसतात आणि शैलेशने तशी तक्रार तीनदा केली. आम्ही उतरलो मृण्मयीच्या आत्याकडे, तालुक्याच्या गावापासून दोन डोंगर आत. सुनंदाआत्या साठीच्या, नऊवारीचा काष्टा घट्ट, आवाज घरापेक्षा मोठा. त्यांचे यजमान, दोन्ही दीर आणि मुलगा मुंबईला. गणपतीला आणि शिमग्याला गाव पुरुषांनी भरतं, एरवी बैलसुद्धा बायकांचंच ऐकतात.

दुपारी तांदळाच्या भाकऱ्या, कुळथाची पिठी आणि चुलीवर भाजलेली सुकट असं जेवण झालं. पुण्यात पाहुण्याला "अजून घ्या" असं एकदा विचारतात, तेसुद्धा भांडं झाकता झाकता. इथे विचारतच नाहीत, वाढतात. तिसऱ्या भाकरीनंतर शैलेशने हात आडवा धरला तर आत्यांनी चौथी भाकरी त्याच हातावर ठेवली.

मग अंगणातल्या मांडवाखाली आत्या लॅपटॉपपुढे बसल्या. मी माउस कसा धरायचा ते दाखवलं. पाच मिनिटांत त्यांनी खाचरं नीट लावली, बांध घातले आणि माझी छाती फुगायला लागली. तेवढ्यात शैलेशने सांगितलं, "आत्या, शेजारचा चालून येतोय. शिपाई तयार करा. हे बटण."

आत्यांनी बटण दाबलं. एक शिपाई उगवला. पुन्हा दाबलं, दुसरा उगवला. वीस झाल्यावर त्या थांबल्या.

"ह्ये आले कुठनं?"

"बटण दाबलं की येतात."

"गावात माणसं किती होती गो?"

मी पाहिलं. "चाळीस."

"आणि आता?"

मी पुन्हा पाहिलं. चाळीसच होती.

"मग ह्ये वीस कोणाच्या घरचे?" आत्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग शैलेशकडे पाहिलं. "आमच्या घरचे चार मुंबयला गेले तर नांगर धरायला माणूस नाय उरला. वरची दोन खाचरं मी तशीच ठेवलीत ती काय हौस म्हणून? तुमचे वीस लढाईला गेले तरी गावात एक ताट कमी नाय?"

"खेळ आहे तो, आत्या," शैलेश म्हणाला.

"खेळच हाय. पण खोटा कशाला?"

आत्यांनी पंधरा मिनिटं खेळून माउस खाली ठेवला आणि गुरांना पाणी दाखवायला निघून गेल्या. आणखी एक डाव मांडू का, म्हणून मी मागून विचारलं, तर "तुमी खेळा" म्हणाल्या. शैलेशने माझ्यासमोर एक बोट वर केलं. एक माणूस झाला, असा अर्थ. मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं, पण आत्यांचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना, आणि मला वाटतं त्याच्याही गेला नव्हता, कारण दापोलीपर्यंत त्याने समुद्र कुठे म्हणून एकदाही विचारलं नाही.

मुरुड

दापोलीहून उतरत मुरुडला आलो आणि शैलेशला अखेर समुद्र मिळाला. गावातून समुद्राकडे जाणारा रस्ता दोन्ही बाजूंच्या वाड्यांमधून जातो. वाड्या म्हणजे घरं नव्हेत, नारळी-पोफळीच्या बागा. भर दुपारी तिथे संध्याकाळसारखा गारवा असतो. आम्ही उतरलो ते एका काका-काकूंकडे, जे घरच्याच दोन खोल्या पाहुण्यांना देतात. काकांनी तीस वर्षं मालवाहू जहाजांवर इंजिनाशेजारी काढली होती. मला वाटलं, हा माणूस समुद्रावरचा. याला लढाई हवी असणार, शैलेश जिंकणार. शैलेशलाही तसंच वाटलं, म्हणून काकांच्या हातचा चहा त्याला फार आवडला.

काकूंनी सांदणं केली होती. फणसाच्या रसात तांदळाचा रवा घालून वाफवलेली, पिवळीधमक, वर नारळाचं दूध. ज्यांनी खाल्ली नाहीत त्यांना मी काय सांगणार? मी नऊ खाल्ली. काकूंनी मोजली होती आणि त्यांनी ती संख्या नंतर शेजारणीला कौतुकाने सांगितली.

काकांनी खेळ सुरू केला आणि आमचे दोघांचेही अंदाज चुकले. काकांनी लढाईकडे ढुंकून पाहिलं नाही. त्यांनी सुपारी लावली, सुपारी विकली, आणखी सुपारी लावली. गलबतं वेळेवर निघत होती, वेळेवर परत येत होती. माझा व्यापार इतका सुरळीत चाललेला मी स्वतः कधी पाहिला नव्हता. मी शैलेशला कोपराने ढोसलं. शैलेशने मला काकांकडे बघायची खूण केली. काकांची हनुवटी छातीवर टेकली होती आणि ते मंद घोरत होते.

"मनावर घेऊ नकोस हो," काकू म्हणाल्या, "ह्यांना दाढी करतानासुद्धा झोप लागते."

शैलेश हसून हसून ओटीवरच आडवा झाला. मी हसले नाही. अर्ध्या तासाने काका जागे झाले आणि पहिला प्रश्न विचारला, "काही घडलं का?"

"नाही," मी म्हटलं. "सुपारी विकली जातेय."

"म्हणूनच झोपलो. जहाजावरही तेच. इंजिन एका सुरात चाललं की गाढ झोप. आवाज जरा बदलला की ताडकन जाग." त्यांनी डोळे चोळले. "तुझ्या ह्या व्यापाराचा आवाज बदलतच नाही, मुली."

बोलले ते खरं होतं, आणि ते आमच्या शैलेशसमोर बोलले. त्याने दुसरं बोट वर केलं. मला राग आला तो काकांचा नाही, शैलेशचाही नाही, माझा स्वतःचा. चार वर्षांत मला एकदाही वाटलं नव्हतं की माझ्या खाचरांना कसली भीतीच नाही.

आरे-वारे

दाभोळची खाडी आणि नंतर जयगडची खाडी, दोन्ही फेरीबोटीने ओलांडल्या. गाडीसकट पाण्यावरून जाण्याची मजा शैलेशला इतकी आली की त्याच्या डोक्यात काहीतरी शिरलं. आरे-वारेच्या अलीकडे एक लहानशी वाडी आहे. तिथे सुरूच्या बनातून गाडी थेट पुळणीवर उतरवता येते. उतरवता येते एवढंच खरं. समोर इतकी सुंदर, रिकामी, सपाट वाळू पाहून शैलेशने मला विचारण्याच्या आत गाडी खाली घातली. वीस पावलांवर मागची चाकं रुतली. त्याने जोर दिला तशी ती आणखी खोल गेली. आणि भरती लागलेली होती.

कोल्हापूरच्या माणसाला पंचगंगेचा पूर माहीत असतो, भरती माहीत नसते. "किती वर येईल?" त्याने मला विचारलं. मी पुण्याची. मला काय माहीत? पाणी मात्र आम्हाला न विचारता येत होतं.

शे-दोनशे पावलांवर तीसेक माणसं एक होडी वर ओढत होती. बायकाही होत्या. त्यातल्या एका ठेंगण्या, काळ्याशार, पांढऱ्या मिशांच्या माणसाने आमच्याकडे पाहिलं, हातातला दोर खाली टाकला आणि सगळ्यांना काहीतरी ओरडून सांगितलं. ती सगळी माणसं होडी तशीच अर्धी वाळूत ठेवून आमच्याकडे आली. कुणी रागावलं नाही, कुणी उपदेशही केला नाही. चाकांखाली होडीचे ओंडके घातले, पुढे दोर बांधला, एकाने आरोळी दिली आणि गाडी निघाली. लाट तोवर मागच्या बंपरला लागली होती.

शैलेशने खिशात हात घातला तर तो मिशीवाला म्हणाला, "पैसं नको. दोर धरा. दोघंय."

असे आम्ही होडी ओढायला लागलो. त्यांचं नाव गणूभाऊ, वाडीतले जुने तांडेल. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस, ज्याच्या शब्दाने होडी चालते. एक जूनपासून मासेमारी बंद होते आणि पावसाळाभर समुद्र कुणाचंच ऐकत नाही. म्हणून त्याआधी वाडीतल्या सगळ्या होड्या ओढून वर, माडांखाली नेऊन ठेवतात. ओंडक्यांवरून घसरवत आणतात, मग झापांनी, म्हणजे विणलेल्या झावळ्यांनी, आणि ताडपत्रीने शाकारतात. नारळी पौर्णिमेला पुन्हा पाण्यात. एक होडी ओढायला एका घरची माणसं पुरत नाहीत, अख्खी वाडी लागते. ओढून झालं की होडीवाल्याने सगळ्यांना जेवायला घालायचं.

दुसरी होडी ओढताना मला गंमत दिसली. ती दत्तारामभाऊंची होती. उंच, किडकिडीत माणूस. गणूभाऊंच्या अगदी पुढ्यात त्यांनी दोर धरला होता, पण दोघं एकमेकांकडे बघतही नव्हते. मी गणूभाऊंच्या बायकोला विचारलं. सगळी वाडी त्यांना वैनी म्हणत होती, मग मीही वैनी म्हटलं.

"सहा वर्षं झाली, बोलत नायत," वैनी म्हणाल्या. "जाळी वाळवायच्या जागेवरनं."

"आणि तरी होडी ओढतात?"

"होडी काय करील बिचारी? भांडण माणसांचं. पाऊस कोणासाठी थांबतो काय?"

आमच्या पुण्यातल्या इमारतीत दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याचं जमत नाही म्हणून लिफ्ट सहा महिने बंद होती. दोन्ही मजले जिने चढत होते आणि समाधानात होते. ते आठवून मला दोर ओढता ओढता हसू फुटलं.

दत्तारामभाऊंकडे सगळ्यांची पंगत बसली. भात आणि सुरमईचं कालवण, मोसमातलं शेवटचं. शैलेश चार वेळा भात घेऊन बसला आणि त्याने तांबड्या रश्श्याचं नावही काढलं नाही. मग आपण कोण, कुठले, हे सांगणं आलं. खेळ म्हटल्यावर गणूभाऊ उत्सुक झाले. हात धुऊन तिथेच माडाच्या बुंध्याला टेकून बसले. मोबाइल सराईतपणे वापरत असल्याने माउसही लगेच वळला. गलबतं पाण्यावर दिसताच त्यांचा चेहरा उजळला. गलबतं इकडून तिकडे फिरवली, वारा कुठून आहे ते विचारलं, एक-दोन जहाजं बुडवलीही. मग एकदम थांबले.

"आता वर कशी काढायची?"

"वर म्हणजे?" शैलेश म्हणाला.

"वर म्हणजे पुळणीवर. पाऊस कधी लागतो तुमच्यात?"

शैलेशने माझ्याकडे पाहिलं. मी शैलेशकडे पाहिलं.

"पाऊस... नाहीये," मी म्हटलं.

"नाय?"

"नाही."

"कोकणात?"

आता त्यांना काय सांगू? मृण्मयीने पहिल्या वर्षी पाऊस काढला होता, फार सुरेख. पण त्याने लॅपटॉप तापायचे, म्हणून आम्ही तो काढून टाकला, आणि पुढे तिघांपैकी एकालाही त्याची आठवण झाली नाही. कारण आम्ही तिघांनी कोकण पाहिलं होतं ते नाताळच्या सुट्टीत. निळं आकाश, निळा समुद्र, गार वारा. आमच्या खेळात बारा महिने डिसेंबर होता.

गणूभाऊ आम्हाला वाईट वाटू नये म्हणून हसू दाबत होते. मागून दत्तारामभाऊ मात्र मोठ्याने म्हणाले, "वैनी, ह्या पाव्हण्यांना सांगा, समुद्र बंद झाला नाय तर माणूस लढायचा थांबेल कधी आणि लावणी करील कधी?"

शैलेशने हातातला घास खाली ठेवला.

रत्नागिरी

रत्नागिरीत पाहण्यासारखं पुष्कळ आहे असं म्हणतात. आम्ही एका लॉजची खोली आणि तिच्या खिडकीतून दिसणारा एक फणस पाहिला. दोन दिवस शैलेश टेबलावर आणि मी पलंगावर, दोन्ही लॅपटॉप चालू. त्याच्या मनातून लढाई गेली नव्हती, हे आधीच सांगते. "एकदा करून बघू. नाही जमलं तर सोमवारी तुझी शेती जाणार," असं त्याने मला बजावलं होतं. पण काम करताना तो गुणगुणत होता आणि तो गुणगुणतो तेव्हा त्याला मजा येत असते.

आम्ही वर्ष बारा महिन्यांचं केलं. ज्येष्ठ लागला की समुद्र बंद, नारळी पौर्णिमेला उघडणार. तोवर पाण्यात राहिलेलं गलबत फुटणार. गलबत वर ओढायला वीस माणसं हवीत. आणि बटणातून शिपाई येणं बंद झालं. लढायला जायचं ते गावातल्याच माणसाने, ज्याने परत येऊन लावणी करायची आहे. जास्त दिवस लढलात तर ओढायला आणि लावायला माणूस नाही. लवकर परतलात तर शेजारी उरलेल्या दिवसांत तुमच्या बंदरात शिरणार. लढाई आणि शेती दोन्ही एकाच चाळीस माणसांकडे आली, आणि ते मला चार वर्षांत सुचलं नव्हतं, याचं नवल अजून वाटतं.

रविवारी सकाळी पुन्हा वाडीत गेलो. गणूभाऊ म्हणाले, "एकटा कोणाशी लढू? त्याला बोलवा." नाव घेतलं नाही, पण कोणाला ते सगळ्यांना कळलं. दत्तारामभाऊ आले आणि गणूभाऊंच्या पडवीच्या दुसऱ्या टोकाला, त्यांच्याकडे पाठ करून बसले. एकाच्या मांडीवर माझा लॅपटॉप, दुसऱ्याच्या मांडीवर शैलेशचा. मधे वैनी सुपात तांदूळ घेऊन निवडायला बसल्या, कारण बोलणं त्यांच्यामार्फतच व्हायचं होतं.

"वैनी, त्याला सांगा, माजं मीठ वाटेत अडवू नको."

"तो म्हणतो मीठ अडवू नको."

"त्याला म्हणावं, अडवणार."

दोन तास गेले. कुणाला झोप आली नाही. भात साठवला जात होता तो शोभेसाठी नव्हे, पावसाळ्यासाठी. मीठ विकलं जात होतं ते दोरखंडांसाठी. वाडीतली माणसं एकेक करून पडवीत जमली आणि त्यांचे दोन पक्ष पडले. मी आणि शैलेश भिंतीला टेकून उभे होतो. या पडवीत काय होईल त्यावर माझी चार वर्षं टांगलेली होती आणि तिथल्या एकालाही ते माहीत नव्हतं.

मग ज्येष्ठ जवळ आला. गणूभाऊंनी शहाण्या माणसासारखी आपली गलबतं आठ दिवस आधी वर घेतली. दत्तारामभाऊ शेवटच्या घडीपर्यंत लढत राहिले आणि त्यात त्यांची माणसं कामी आली. आता त्यांची तीन गलबतं पाण्यात होती, ओढायला फक्त अकरा जण, आणि समुद्र बंद व्हायला दोन दिवस. गणूभाऊंनी नुसतं स्वस्थ बसायचं होतं. पाऊस त्यांचं काम करून देणार होता. शैलेशने माझ्या कानात हळूच म्हटलं, "जिंकले."

गणूभाऊ स्वस्थ बसले नाहीत. ते पडद्यावर इकडे तिकडे काहीतरी शोधू लागले.

"माझी माणसं त्याची गलबतं ओढायला पाठवायचीत. बटण कुठं हाय?"

पडवीतल्या सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"तसं बटण नाहीये," शैलेश म्हणाला. "तुमचं त्यांच्याशी युद्ध चालू आहे, भाऊ. दोन दिवस थांबा, ते हरतील."

गणूभाऊंनी लॅपटॉप मांडीवरून उचलून खाली ठेवला. "पावसाने हरवलेला माणूस मी हरवला असं कसं म्हणू? असला खेळ मी नाय खेळत." आणि ते उठून उभे राहिले.

तिसरं बोट, मला वाटलं. मी शैलेशकडे बघायचं टाळलं. पण शैलेश भिंत सोडून पुढे गेला होता आणि त्याने गणूभाऊंचा हात धरला होता. "दहा मिनिटं. भाऊ, फक्त दहा मिनिटं बसा."

त्याने लॅपटॉप घेतला आणि जमिनीवर मांडी घातली. अख्खी वाडी त्याच्या डोक्यावर वाकली. त्याची बोटं चालत होती. मग त्याने मान वर न करता विचारलं, "अनू, ओढायला आलेल्या माणसांना जेवायला घालायचं ना? चाळीस माणसांना भात किती लागेल?"

चार वर्षांत शैलेशने मला भाताबद्दल पहिल्यांदा काही विचारलं. मी डोळे पुसत बोटांवर हिशेब करायला लागले. उत्तर वैनींनी दिलं. "ओढून आलेला माणूस दुप्पट जेवतो. हात आखडू नका."

दहाची पंचवीस मिनिटं झाली. बटण आलं. गणूभाऊंनी ते दाबलं आणि त्यांची चाळीस माणसं किनाऱ्याने शेजारच्या बंदरात चालत गेली. तीन गलबतं वर आली. त्या माणसांना जेवायला घालण्यात दत्तारामभाऊंच्या कोठारातला भात निम्मा झाला, आणि सगळा पावसाळा त्यांनी नाचणीवर काढला. समुद्र बंद होता, लढाई बंद होती, आणि तरी दोघं पडद्याला नाक लावून लावणी करत होते. कोणाची रोपं आधी तयार होतात आणि कोण लावणीतून मोकळा होऊन गलबतं लवकर तयार ठेवतो, यावर पडवीत पैजा लागल्या होत्या.

नारळी पौर्णिमेला समुद्र उघडला. त्याच सकाळी गणूभाऊंनी सगळी गलबतं पाण्यात लोटली आणि ज्यांना वाचवलं होतं त्याच तीन गलबतांवर चालून गेले.

"अहो, असं काय करता?" मी ओरडले.

"ओढली ती पावसासाठी," गणूभाऊ म्हणाले. "पाऊस गेला."

ते शेजारच्या बंदरात पोचले तर बंदर रिकामं. दत्तारामभाऊंनी पाठ न वळवता घसा साफ केला. "वैनी, त्याला सांगा, गलबतं आत खाडीत नेऊन ठेवलीत. तो येणार हे मला ठाऊक होतं."

पडवीत एकच हशा पिकला. गणूभाऊ मिशीत हसत होते आणि पुढच्या चालीचा विचार करत होते. हसू ओसरल्यावर मी शैलेशला शोधलं. तो अंगणात, शाकारलेल्या होडीला टेकून मोबाइलवर काहीतरी लिहीत होता. सोमवार उजाडायला अजून वेळ होता, पण त्याने तेवढंही थांबायचं नाही असं ठरवलं होतं. लिहून झाल्यावर त्याने फोन माझ्यापुढे धरला. प्रकाशकांना पत्र होतं, तीन ओळींचं. शेती आणि लढाई वेगळी काढता येत नाही, दोन्ही राहतील, आम्हाला आणखी दोन महिने लागतील. खाली आम्हा दोघांची नावं होती. माझं आधी होतं.